हिरडा, खार आणि कागद

१

जीवशास्त्र शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांत जीव भेटत नाही. त्याला भेटतात अणू, रेणू, बंध, पाणी, आम्ल आणि आम्लारी. बेडूक, फूल, पेशी यांच्या ओढीने आलेला हा विद्यार्थी हिरमुसतो आणि विचारतो, की हे सारे रसायनशास्त्राच्या तासाला असताना येथे पुन्हा कशासाठी? सजीवांची शरीरे याच द्रव्यांची बनलेली आहेत, असे उत्तर त्याला मिळते. उत्तर खरे आहे. पण ते मनात रुजत नाही. पाठ्यपुस्तकातल्या त्या रेणूंना गाव नसते, इतिहास नसतो, आणि त्यांच्यावाचून कोणाचे काही अडल्याचेही दिसत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना हा प्रश्न परक्या खात्यातला वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही. आपण ज्याला वाङ्मयाचा इतिहास म्हणतो तो बव्हंशी कागदावर उरलेल्या मजकुराचा इतिहास आहे. कोणता मजकूर उरावा हे आश्रयदात्यांनी, लेखनिकांनी आणि संपादकांनी ठरवले हे आपण शिकवतो. पण ते कागदातल्या आणि शाईतल्या रासायनिक बंधांनीही ठरवले, हे शिकवायचे राहून जाते. जीवशास्त्राच्या वर्गातला तो कंटाळवाणा पहिला धडा आणि आपल्या ग्रंथालयांतील कपाटे यांचा विषय एकच आहे, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

ते तपासण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन शेजारी तालुक्यांइतका सोयीचा मुलूख दुसरा नाही. जुन्नरला लिखाणाची परंपरा दगडापासून सुरू होते. कोकणातून घाटावर येणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावरील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची त्यात नोंद आहे. अभ्यासक तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. पुढे मलिक अहमदाने १४९० मध्ये याच जुन्नरातून निजामशाहीचा आरंभ केला, आणि १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. मराठेशाहीच्या दप्तरांत दौलताबादीच्या जोडीने ज्याचे नाव येते तो ‘जुन्नरी’ कागद याच गावाचा. तर दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत, आंबेगावात थेट भीमाशंकरपर्यंत, हिरड्याची झाडे आहेत. त्या फळाचा शाईशी आणि कातड्याशी जुना संबंध आहे. एकीकडे कागद आणि दुसरीकडे हिरडा, एवढ्या दोन वस्तूंत तो पहिला धडा जवळजवळ पुरा होतो.

२

वस्तूंकडे वळण्यापूर्वी शब्दांकडे पाहणे आवश्यक आहे, कारण मराठीतील रसायनशास्त्राची परिभाषा हा स्वतंत्र वाचनाचा विषय आहे.

‘क्षार’ हा शब्द घेऊ. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याच्या विधीवर स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून केलेले ते दाहक द्रव्य म्हणजे क्षार. आजच्या भाषेत तो अल्क झाला. आपल्या स्वयंपाकघराने आणि वैद्याच्या बटव्याने हा अर्थ सोडलेला नाही: पापडखार, सज्जीखार, जवखार या सर्व नावांतला खार अल्कधर्मीच आहे. मराठी पाठ्यपुस्तकात मात्र क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. मीठ हे त्याचे ठळक उदाहरण. हिंदीत उलट जुना अर्थ टिकला आहे. तेथे क्षार म्हणजे अल्क, आणि मिठाच्या जातीचे पदार्थ ते लवण. ‘अणू’चेही तसेच. मराठीत अणूंचा रेणू होतो. हिंदीत परमाणूंचा अणू होतो. मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा हिंदी पुस्तक उघडतो तेव्हा त्याचा रेणू अणू झालेला असतो आणि क्षार भलतीकडे गेलेला असतो. याउलट ‘आम्लारी’, म्हणजे आम्लाचा अरी, हा शब्द आम्हांला फार नेटका वाटतो. व्याख्या त्याच्या पोटातच आहे.

‘सेंद्रिय’ या शब्दाची कथा अधिक बोलकी आहे. इंद्रियांसह असलेले ते सेंद्रिय. इंद्रिये असलेल्या देहातच विशिष्ट द्रव्ये निर्माण होऊ शकतात, त्यांच्या मागे एखादी जीवशक्ती असते, अशी युरोपातली जुनी समजूत होती. १८२८ मध्ये फ्रीडरिख व्होलर याने प्रयोगशाळेत एका निर्जीव लवणापासून युरिया तयार केला. तोवर युरिया प्राण्यांच्या मूत्रातूनच मिळे. एका प्रयोगाने ती समजूत संपली असे नाही. पण तिच्या पायाखालची माती सरकू लागली. शब्द मात्र राहिला, आणि मराठीने तो समजुतीच्या खुणेसकट घेतला. आज नारायणगावच्या बाजारपेठेत सेंद्रिय खत मागणारा शेतकरी आणि युरियाची गोणी नेणारा शेतकरी एकाच दुकानात उभे असतात. रसायनशास्त्राच्या व्याख्येनुसार युरियादेखील सेंद्रियच आहे, हे सांगितले तर दोघेही हसतील. शब्दांच्या इतिहासात असे हसण्याचे प्रसंग येतात. शिक्षकाने ते वाया घालवू नयेत.

३

आता कागद. देशी हातकागदाची रीत थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखी होती. ती करणारे कारागीर कागदी म्हणून ओळखले जात आणि ते बहुधा मुसलमान असत. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा ही नावे त्यांचीच आठवण आहेत. जुनी गोणपाटे, दोरखंड, चिंध्या यांचे तुकडे करायचे, ते चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, कुटायचे, नदीवर धुवायचे, खार घालून पुन्हा कुटायचे, पुन्हा धुवायचे. असे अनेकदा झाले की उरतो तो पांढुरका लगदा. तो हौदातल्या पाण्यात ढवळून, गवताच्या काड्यांच्या चाळणीवर अलगद उचलायचा. ताव भिंतीवर वाळवायचा. त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा.

या कृतीतली प्रत्येक पायरी जीवशास्त्राच्या पहिल्या धड्यातल्या एकेका परिच्छेदाचे प्रात्यक्षिक आहे. गोणपाटाचा धागा म्हणजे वनस्पतीची पेशीभित्तिका, आणि तिचे मुख्य द्रव्य सेल्युलोज. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेन याने ते १८३८ मध्ये वेगळे काढले आणि ग्लुकोज साखरेशी असलेले त्याचे नाते दाखवले. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले की सेल्युलोजची साखळी होते. हे जोड सहसंयुज बंधांचे असतात. त्यांत दोन अणू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात, म्हणून ते बळकट असतात. कागद्याचा चुना आणि खार ही साखळी फारशी तोडत नाहीत. तिच्या भोवतीची चरबी, गोंदासारखी द्रव्ये आणि काही प्रमाणात लिग्निन सैल करतात. नदीचे पाणी ती वाहून नेते.

पाणी हे का करू शकते? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना अधिक ओढतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन राहते. एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, त्या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. एकटा बंध दुबळा. सहसंयुज बंधाच्या साधारण विसाव्या हिश्शाइतके त्याचे बळ. पण सेल्युलोजच्या साखळीवर असे बंध जोडू शकणारे गट जागोजाग असतात. ओला लगदा चाळणीवर पसरलेला असताना तंतूंच्या मध्ये पाणी असते. ते उडून जाऊ लागले की तंतू जवळ येतात आणि एकमेकांनाच धरतात. कागदात मुळात डिंक नसतो. कागद उभा राहतो तो असंख्य दुबळ्या बंधांच्या बळावर. म्हणूनच भिजलेला कागद हातात तुटतो. पाणी परत येते आणि तंतूंचे हात सोडवून आपले हात देते. आपल्या शरीरातील डीएनएचे दोन पेडही अशाच दुबळ्या बंधांनी जुळलेले असतात आणि गरजेनुसार उलगडतात. बळकट बंधांनी साखळी करायची आणि दुबळ्या बंधांनी ती गुंफायची, ही सजीवांची सर्वत्र आढळणारी रीत आहे.

जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळच्या खोडद येथे, महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांपैकी मुख्य समूह उभा आहे. दूरच्या विश्वातील हायड्रोजनच्या रेडिओलहरी टिपणे हे तिच्या उभारणीमागचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. कुकडीच्या पाण्यातला हायड्रोजन आणि तबकडीने टिपलेला हायड्रोजन एकच, हे जुन्नरच्या विद्यार्थ्याला सांगण्यासाठी शिक्षकाला तालुक्याबाहेर जावे लागत नाही.

राहिली खळ. शाई फुटू नये म्हणून लावलेली ही खळ म्हणजे तांदळाचा किंवा गव्हाचा स्टार्च, आणि स्टार्चही ग्लुकोजचाच. सेल्युलोज आणि स्टार्च यांत मणी तोच. फक्त एक मणी दुसऱ्याला कोणत्या बाजूने जोडला, एवढाच फरक. तेवढ्यावर सारे बदलते. भाकरीतला स्टार्च आपल्या लाळेतले विकर फोडू शकते. कागदातला सेल्युलोज आपल्याला पचत नाही. तो पचवते वाळवी, तीही आपल्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने. कसर मात्र मुख्यतः खळीच्या ओढीने येते. दप्तराच्या पानावर जेथे अक्षरांच्या जागी भोके दिसतात, तेथे संशोधकाला वाचनातला खंड दिसतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेथे दोन बंधांमधला फरक दिसायला हवा.

४

हिरडा हे वैद्यकातले मोठे नाव. मीठ वगळता उरलेले पाचही रस त्यात असतात आणि त्यांत तुरट प्रधान, असे आयुर्वेद सांगतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात हिरडावर्गीय फळांवर स्वतंत्र चर्चा केली आहे. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही वैद्य होता. म्हणजे ज्या घराण्याचा आरंभ जुन्नरातून झाला त्याच घराण्याचा. हिरड्याची वर्णने अशा रीतीने संस्कृत, पोर्तुगीज आणि पुढे इंग्रजी ग्रंथांतून फिरत राहिली. डोंगरात ते फळ गोळा करणाऱ्यांचे वर्णन त्या मानाने कोणी केले नाही.

तुरट म्हणजे काय, हा प्रश्न आम्ही वर्गात विचारून पाहण्याजोगा समजतो. आंबट म्हणजे आम्ल, हे बहुतेकांना ठाऊक असते. तुरट ही त्या अर्थाने जिभेवरची चव कमी आणि तोंडातली घटना अधिक आहे. वाळलेल्या हिरड्याच्या वजनात साधारण एकतृतीयांशापर्यंत टॅनिन वर्गाची द्रव्ये असतात. या रेणूंवर हायड्रोजन बंध जोडू शकणारे गट दाटीने असतात. हिरडा चघळला की ते लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, प्रथिने एकत्र गोळा होऊन लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि तोंड कोरडे, आवळल्यासारखे होते. झाडाच्या दृष्टीने हा बचाव आहे. कच्चे फळ खाणाऱ्याची प्रथिने बांधून टाकणारा.

हीच क्रिया कातड्यावर घडवली की चामडे कमावले जाते. कातड्यातले प्रमुख प्रथिन कोलॅजन. त्याच्या तीन साखळ्यांचा पीळ असतो, हे मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ च्या सुमारास दाखवले. ओले कातडे कुजते, कारण जिवाणूंची विकरे या साखळ्यांपर्यंत पोचतात. टॅनिन साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींशी बांधते, पाणी बाहेर काढते, आणि विकरांना वाव राहत नाही. महाराष्ट्रात हे काम ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले: चुन्याने केस सोडवणे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवणे. चुना केव्हा पुरे, साल केव्हा बदलायची, हे त्यांना रंगाने, वासाने आणि स्पर्शाने कळे. मराठीने या कामाला ‘कमावणे’ हे क्रियापद दिले. विद्या कमवावी, नाव कमवावे आणि चामडे कमवावे, असे एकच क्रियापद वापरणाऱ्या भाषेच्या समाजाने चामडे कमावणाऱ्याला मात्र विद्येच्या दारात उभे केले नाही. रसायनाचे एवढे ज्ञान ज्यांच्या हातांत होते त्यांच्याकडून ते ग्रंथात आले नाही, ही आपल्या विज्ञानलेखनाच्या इतिहासातली मोठी उणीव आहे, आणि तिची कारणे रासायनिक नाहीत.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या चर्मोद्योगाला हिरडा मोठ्या प्रमाणावर लागू लागला आणि मुंबई बंदरातून तो बाहेर जाई. त्याच शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या लवणांनी चामडे जलद कमावण्याची रीत निघाली आणि वनस्पतिज टॅनिनाचे स्थान हळूहळू उतरत गेले.

५

हिरड्याचा लेखनाशी संबंध शाईतून येतो. आपल्याकडे मुख्यतः दोन जातींच्या शाया चालत. एक काजळाची: दिव्याचे काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी यांचा दीर्घ काळ खल करून केलेली. दुसरी हिरड्यासारख्या तुरट फळाचा काढा आणि हिराकस यांची.

काजळ म्हणजे शुद्धप्राय कार्बन. तो हवेशी, आम्लाशी, प्रकाशाशी साध्या परिस्थितीत काहीच करत नाही. त्यामुळे शतकांनंतरही काळाच राहतो. पण तो तंतूंना बांधला गेलेला नसतो. डिंकाने चिकटलेला असतो. ओल लागली की पसरतो. हिराकशीच्या शाईचे उलट आहे. हिराकस हे लोहाचे लवण. त्यातले लोह टॅनिनाला भेटते, हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचा धन भार दोनावरून तीनावर जातो आणि गर्द काळे संयुग तयार होते. लिहिताना फिकी असलेली ही शाई वाळता वाळता काळी होते आणि पाण्याने सहजी जात नाही. पण या व्यवहारात गंधकाम्लही निर्माण होते, आणि उरलेले लोह सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावते. युरोपातली अनेक हस्तलिखिते अशा शाईने अक्षरांच्या आकारात जळली आहेत. ओळ जाते आणि समास राहतो. पुसली जाणारी शाई कागदाला जपते, आणि न पुसली जाणारी शाई कागदालाच खाते.

पोथ्यांच्या संदर्भात तिसरे द्रव्य येते ते हरताळ. लिहिलेले चुकले की त्यावर या पिवळ्या खनिजाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा आपण नित्य वापरतो तो वाक्प्रचार तेथला आहे. हरताळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. किडीपासून रक्षण व्हावे म्हणूनही ते कागदाला लावीत. आर्सेनिकाचे विष कसे काम करते, हे जीवशास्त्राचा विद्यार्थी पुढे शिकतो: अनेक विकरांचे काम त्यांच्यातल्या गंधकाच्या अणूंवर अवलंबून असते आणि आर्सेनिक नेमके तेच अणू धरून बसते. चुकीच्या अक्षरावर आणि किडीच्या विकरांवर एकाच द्रव्याने हरताळ फासला जात होता.

६

आता ज्या पानांची आपल्याला अधिक चिंता वाटायला हवी त्यांच्याकडे येऊ. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. माळ्यावरच्या, पेटाऱ्यांतल्या दप्तरांचा नाश थांबवणे ही त्या पिढीची तळमळ होती. पण ती तळमळ ज्या कागदावर छापली जात होती तोच कागद आतून सडू लागला होता, याची त्या काळी कोणाला कल्पना नव्हती. जुन्या ग्रंथालयात शंभर वर्षांपूर्वीचे मासिक आणि अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र शेजारी ठेवून पाहावे. पुष्कळदा पत्र घडी सोसते आणि मासिकाचे पान कोपऱ्याला धरताच तुटते.

कारण तुरटी. मोरिट्झ इलिग या जर्मन कागदकाराने १८०७ मध्ये खळीऐवजी राळ आणि तुरटी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती, यंत्राला सोयीची होती, आणि शतकभरात जगभर पसरली. तुरटी पाण्याशी संयोग पावून आम्ल निर्माण करते. त्यात चिंध्यांऐवजी लाकडाचा लगदा आला. त्याचे तंतू आखूड, आणि स्वस्त लगद्यात लिग्निनही भरपूर. आम्ल सेल्युलोजच्या साखळीतल्या जोडावर पाण्याचा रेणू बसवते आणि जोड तुटतो. याला जलापघटन म्हणतात. जठरातले अन्नही याच तत्त्वावर फुटते. यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की आम्ल या क्रियेत खर्च होत नाही. ते उत्प्रेरक असते. एक जोड तोडून मोकळे झालेले आम्ल दुसऱ्या जोडाकडे वळते.

पाठ्यपुस्तक ज्याला सामू म्हणते आणि शेतकरी मातीपरीक्षणाच्या अहवालात ज्याला पीएच म्हणतो, ते माप सोरेन्सेन याने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांचा अभ्यास करताना १९०९ मध्ये योजले. त्याची एक पायरी म्हणजे दहापट. आठ सामूच्या आणि पाच सामूच्या कागदात तीन पायऱ्यांचा फरक दिसतो. आम्लता मात्र हजारपट असते. कागद्याचा चुना हवेतला कर्बद्विप्राणिल वायू शोषून खडू होतो आणि कागदात थोडाफार राहतो. तो येणाऱ्या आम्लाला मारत राहतो. त्याने काही हा विचार करून चुना घातला नव्हता. लगदा मऊ व्हावा म्हणून घातला होता. देशी कागद अमर होता, असेही आम्ही म्हणत नाही. गोणपाटात लिग्निन असतेच आणि खळ कसरीला बोलावतेच. पण आपला नाश तो स्वतःच्या पोटात घेऊन जन्मला नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत विल्यम बॅरो याने आम्ल हेच कागदाच्या ठिसूळपणाचे मोठे कारण असल्याचे साधार मांडले, आणि उपायही सुचवला. तो उपाय वाचताना आम्हांला थोडे थांबावेसे वाटले: चुन्याचे निवळ पाणी. शाई टिकाऊ आहे याची खात्री करून पान त्यात बुडवायचे, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात, आणि वाळवायचे. कागद्याच्या हौदातून काढलेला चुना शतकानंतर संवर्धकाच्या तबकात परत आला.

७

कागद्यांचा धंदा स्वस्त विलायती कागदाने मारला. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातकागद हाती घेतला आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. पण जुन्नरी कागद हे नाव दप्तरांतच राहिले. हिरडा मात्र अजून आहे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवतात. त्यांच्या वर्षाच्या रोकड उत्पन्नात त्याचा मोठा वाटा असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील हिरड्याची झाडे मोठ्या प्रमाणावर कोलमडली, आणि नुकसानभरपाईसाठी हिरडा उत्पादकांना दीर्घ काळ आंदोलन करावे लागले. आंब्याचे किंवा द्राक्षाचे झाड पडले तर काय पडले ते सर्वांना कळते. हिरडा पडला म्हणजे काय पडले, हे समजावून सांगावे लागते.

ते समजावणे हे शिक्षणाचे काम आहे, आणि ते दोन्ही वर्गांत होऊ शकते. जीवशास्त्राच्या शिक्षकाने हायड्रोजन बंध शिकवताना एक बाळहिरडा विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. साहित्याच्या शिक्षकाने मोडी पत्राची छायाप्रत दाखवताना कागद कशाचा आहे, शाई कोणती आहे, हे विचारावे. आयोडीनचा थेंब टाकला तर खळ लावलेला हातकागद निळा होईल, हेही सांगावे. मात्र तो प्रयोग अस्सल दप्तरावर करू नये. आणि कपाटातल्या जुन्या मासिकांचा सामू कोणी मोजला आहे का, असा प्रश्न आपल्या ग्रंथपालांना विचारावा. त्या मासिकांतले मराठी गद्य आपण शिकवतो, त्यावर प्रबंध लिहितो. त्यांच्या कित्येक अंकांच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. आम्ल मात्र खर्च होत नाही. आपण हे वाचत असतानाही ते पुढचा जोड तोडत आहे.